हाव म्हणजे हो

आधी काकूंचं सांगतो, मग माझं. माझ्या दुकानाला लागून पिठाची गिरणी आहे, ती काकू चालवतात. भाव कसा सांगायचा आणि दुकान कसं बंद ठेवायचं, या दोन्ही गोष्टी मी त्यांच्याकडून शिकलो. हे लिहितोय म्हणून विचारायला गेलो, तर म्हणाल्या, "लिही, पण माहं नाव नको टाकू. लोक म्हणतीन, हे बाई गिरणी सोडून आता मास्तरकी करून राह्यली." म्हणून नाव टाकत नाही. नुसतं काकू म्हणतो. तसंही मी त्यांना दुसरं काही कधी म्हटलेलं नाही.

मी मूळचा कोल्हापूरकडचा, घाटाच्या तोंडाशी असलेल्या एका वाडीतला. आठवीनंतर शाळा सुटली. मी सोडली असं लोक म्हणतात, मी सुटली म्हणतो. तालुक्याच्या गावी एकाच्या हाताखाली मोटर भरायला शिकलो. मोटर भरणं म्हणजे जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार उपसायची आणि त्या जागी नवी तार गुंडाळून बसवायची. पुढे एका ठेकेदाराबरोबर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमधल्या मोटरांचं काम करायला खामगावला आलो. आम्ही सगळे बाहेरचेच होतो, एकमेकांत हिंदी बोलायचो आणि जिनिंगच्या आवारातच झोपायचो. कापसाचा हंगाम संपला तसा ठेकेदार पुढच्या गावाला गेला. मी मात्र राहिलो, कारण उन्हाळा लागला होता आणि घराघरांतून कूलर बाहेर निघायला लागले होते. आमच्या वाडीत कूलर कुणी पाहिलेला नाही. इथे घरटी एक, आणि वर्षभर माळ्यावर पडून असल्यामुळे काढला की बिघडलेलाच. मला वाटलं, देवानं आपल्यासाठीच गाव ठेवलंय.

गिरणीच्या भिंतीला टेकून काकूंची एक पत्र्याची खोली होती. ती त्यांनी मला भाड्यानं दिली. तेच दुकान, तेच घर.

पहिलं गिऱ्हाईक अजून आठवतं. जाड मिशांचा माणूस, स्कूटरच्या पुढच्या जागेत मोटर ठेवून आला. म्हणाला, "मोटर भरून पाह्यजे. किती घेसान?" मी रात्रभर पाठ केलेला आकडा सांगितला. "तीनशे."

तो म्हणाला, "हाव."

आता आमच्याकडे होकाराला 'व्हय' म्हणतात. हाव म्हणजे हावरटपणा. लहानपणी दुसऱ्यांदा भाकरी मागितली की आजी म्हणायची, "लई हाव बरी न्हवं." माझे कान तापले. पहिल्याच गिऱ्हाइकानं तोंडावर हावरट म्हटलं. मी घाईघाईनं म्हणालो, "बरं, अडीचशे द्या."

त्यानं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. म्हणाला, "हाव."

"दोनशे. याच्या खाली परवडत नाही हो."

"हाव ना भाऊ, हाव. दोनशे त दोनशे," असं म्हणत तो हसत गेला. मला वाटलं, आपला कमीपणा बघून हसला.

असं दीड महिना चाललं. मी भाव सांगायचा, गिऱ्हाइकानं हाव म्हणायचं, मी उतरायचं. रस्त्यानं जातानाही हा शब्द कानावर पडायचा. भाजीवालीला एखादी बाई म्हणायची, पोराला बाप म्हणायचा. मी मनात म्हणायचो, इथली माणसं मोठी सडेतोड आहेत, एकमेकांची हाव तोंडावर काढतात आणि कुणी रागावतसुद्धा नाही. मला आधीच परक्या गावाची धास्ती. कुणाला विचारावं असं सुचलंच नाही. विचारायचं तरी काय, मी हावरट दिसतो का?

काकूंना यातलं काही माहीत नव्हतं, कारण गिरणी चालू असली की शेजारी ढोल बडवला तरी ऐकू जात नाही. पण गिरणीच्या दगडालाही टाकी मारावी लागते. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की दोन-तीन आठवड्यांनी तो उघडून टोकदार हातोडीनं पुन्हा खरबरीत करतात. त्या दिवशी गिरणी बंद. काकू नाकाला पदर बांधून स्वतःच टाकी मारत बसतात. अशाच एका शांत दुपारी माझ्याकडे गिऱ्हाईक आलं, आणि पत्र्याच्या पलीकडून काकूंनी सगळं ऐकलं.

गिऱ्हाईक गेल्यावर हातोडी हातात तशीच घेऊन त्या माझ्या दारात आल्या. भुवया पांढऱ्या झालेल्या.

"काऊन रे, तू सोताशीच भाव करतं काय?"

"म्हणजे?"

"तो माणूस हाव म्हणते अन् तू कमी करतं. तो आणखी हाव म्हणते, तू आणखी कमी करतं. फुकट द्यायचा होता काय कूलर?"

मी खाली मान घालून सांगितलं, "काकू, हावरट म्हटल्यावर काय करू? परका माणूस मी."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पिठाचे ओघळ गालावर आले. "अरे हाव म्हणजे हो," त्या म्हणाल्या. "हो रे बाप्पा. बस, हो. तुले कोणं नाई म्हटलं हावरट."

मीही हसलो. लाज वाटली, पण त्याहून जास्त मोकळं वाटलं. दीड महिना ज्या गावाच्या नजरेत मी हावरट होतो, ते गाव खरं तर मला हो म्हणत होतं.

पण भाव काही वर गेला नाही. एव्हाना माझं नावच दोनशेवाला पडलं होतं. "अमक्याकडे काऊन जाता, गिरणीपाशी दोनशेवाला बसते ना," असं लोक एकमेकांना सांगायचे. या नावावरच तर गिऱ्हाईक येत होतं. पुढच्या वर्षी तांब्याची तार महागली, मी दोनशेच घेतले. त्याच्या पुढच्या वर्षी फार धीर करून थोडे वाढवले आणि आठवडाभर नीट जेवलो नाही. घरी बोलावलं की सायकलवर जायचो. वायर ढिली निघायची. ती घट्ट केली की बाई पाणी द्यायच्या आणि म्हणायच्या, "काही केलं तं नाई, मंग पैसे काहाचे?" मला ते पटायचंही. पाणी पिऊन परत यायचो.

सुट्टीचंही तसंच. उन्हाळ्यात कूलर, आणि दिवाळीनंतर हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायच्या विहिरींच्या मोटरा. मधल्या दिवसांत मिक्सर, पंखे. शटरवर फोन नंबर रंगवलेला. जेवताना फोन आला की घास तसाच ठेवून उचलायचो. एक दिवस बंद दिसलं तर गिऱ्हाईक चौकातल्या मोठ्या दुकानात जाईल आणि तिकडचंच होईल, ही भीती. मोठ्या दुकानात दोन माणसं कामाला. माझ्या दुकानात मी एकटा, आणि मी आजारी पडलो तर दुकान आजारी.

मधल्या काळात लग्न झालं. मुलगी झाली. बायको, मुलगी आणि आई तिकडे वाडीत, मी इकडे. पत्र्याच्या खोलीत चौघं कुठे झोपणार, आणि तिकडचं शेत, म्हैस कोण बघणार. मी दोन दिवस जायचो, परत यायचो. मग ते दोन दिवसही लांबत गेले. दीड वर्ष गेलोच नाही. रोज फोन व्हायचा, म्हणून आपण लांब आहोत असं वाटायचं नाही. निदान मला तरी.

मागच्या साली संक्रांतीच्या सुमाराला असाच फोन लावला होता. बायकोनं मुलीला बोलावलं. "बोल की गं. कोण हाय, वळख."

मुलगी म्हणाली, "मामा."

बायको हसली. म्हणाली, "आवो, तिला फोनवर गडीमाणूस बोलला की मामाच वाटतोय. त्योच येतोय की सारखा." मीही हसलो. मग ती म्हणाली, "जूनला शाळा लागंल तिची. एकदा गुतली की गुतली. मे महिन्यात या चांगलं आठ दिस. येणार न्हवं?"

मी "बघतो" म्हणालो. मे महिना म्हणजे इथे घामाच्या धारा आणि दारात कूलरची रांग. वर्षाचं निम्मं पोट त्या महिन्यावर. आणि तिकडे माझ्या मुलीला मामा म्हणायची सवय लागत होती. आणखी एक वर्ष गेलं असतं तर तिनं मला मामासुद्धा म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दळण घ्यायला गेलो तेव्हा काकूंनी विचारलं, "थोबाड काऊन उतरलं?" मी सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, "पण मे महिन्यात दुकान बंद ठेवणं जमणार नाही."

काकूंनी पट्टा थांबवला. गिरणी घरघरत शांत झाली. म्हणाल्या, "मी गिरणी बंद ठेवतो का नाई टाकीच्या दिवशी?"

"ठेवता."

"लोक दुसऱ्या गिरणीवर जातात काय?"

"नाही."

"काऊन?"

मग त्यांनीच सांगितलं, "त्याईले आधी सांगून ठेवतो मी. परवा टाकी हाय, आजच दळून न्या. मंग आदल्या दिवशी डब्यायची रांग लागते. अन् बोथट दगडावर दळलं तं पीठ जळते. घरी पोळी करायले घेतली की कळते त्याईले. जळकं पीठ खाऊन लोक जातात, बंद पाहून नाई जात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू बी जळून राह्यला."

मी म्हटलं, "पण आठ दिवसांचे पैसे कुठून येतील?"

"ज्वारीचा अन् बेसनाचा भाव एक ठेवतो काय मी?" त्यांनी भिंतीवरच्या भावाच्या पाटीकडे बोट केलं. "तू सगळं एकाच भावात दळतं. घरी जाऊन पाहाचे येगळे सांग. मोटरचे येगळे. कूलरचं गवत बदलाचे येगळे. पाडव्याच्या आत आणलं तं जरा कमी, मंग जास्त. लोक माळ्यावरून आपोआप काढतीन."

"मला तोंडानं सांगता येत नाही, काकू."

"तं शिक."

मग पंधरा दिवस त्यांनी मला शिकवलं. दुपारी दळणाला कुणी नसलं की त्या गिऱ्हाईक व्हायच्या. कधी कंजूस म्हातारा, कधी घाईतली मास्तरीण. मी भाव सांगायचो आणि सांगितल्यासरशी तोंडातून निघायचं, "नाही तर तुम्हाला वाटेल ते द्या." त्या पाटीवर हात मारायच्या. "हे वाटेल ते कुठी लिहिलं हाय?" शेवटी त्यांनी उपाय काढला. "भाव सांगतला की पाण्याचा घोट घेत जा. गिळू नको. तोंडात पाणी असलं तं कमी कसं करशीन?"

लोकांना हा वेडेपणा वाटेल. मला त्यानंच तारलं.

फाल्गुनात तोच पहिला जाड मिशांचा माणूस आला. मिशा आता पांढऱ्या झालेल्या. मोटर ठेवली. "किती?"

मी म्हणालो, "साडेचारशे. पाडव्यानंतर पाचशे होतील." आणि तांब्या तोंडाला लावला.

तो उभा. मी उभा. गाल फुगलेले. तो मोटरकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मला घाम फुटला, पण पाणी काही गिळलं नाही. एवढा वेळ गिरणीही बंद होती. आता कळतं, काकूंनी मुद्दाम थांबवली असावी.

"हाव," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आज उतरत नाई काय तुम्ही?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"नाई, घरी सांगून आलो होतो मी. तो भाऊ सोताच खाली उतरते म्हणून. बायको म्हणे, तू काही बोलू नको, नुसता हाव म्हण." तो हसला. "बरं, आता बोला तरी. का मुकेच झाले?"

पाणी गिळलं आणि बोललो. काय बोललो आठवत नाही. तो गेल्यावर स्टुलावर बसलो. अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. पलीकडे गिरणी सुरू झाली.

सगळ्यांनीच हाव म्हटलं असं नाही. एका खानावळवाल्याचे चार कूलर माझ्याकडे असायचे, तो नवा भाव ऐकून चौकात गेला आणि अजून तिकडेच आहे. दिसला की मी अजून वळून दुसऱ्या गल्लीनं जातो. घरी जाऊन कूलर पाहण्याचे पैसे मागितले म्हणून एक बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण काकूंनी दळणाला येणाऱ्या प्रत्येकीच्या कानावर घातलं, "कूलरवाला मे महिन्यात गावाले चालला, आताच दाखवून घ्या, मंग मले म्हणसान." गिरणीत बोललेलं सांजेपर्यंत अर्ध्या गावात जातं. पाडव्याच्या आधीच दारात एवढे कूलर जमले की पाय ठेवायला जागा नव्हती. एप्रिल सरला तेव्हा बहुतेकांच्या घरी थंडगार हवा चालू झाली होती. मे महिन्यात जे बिघडले असते ते मार्चमध्येच दुरुस्त होऊन गेले होते.

तरी निघायच्या दिवशी शेगावच्या बसमध्ये बसून मी दोनदा उतरलो. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, एक ठरवा." शटरवर काकूंच्या सांगण्यावरून खडूनं लिहिलं होतं, फार घाई असल्यास गिरणीत विचारा. शेगावहून कोल्हापूरची गाडी धरली. गाडीतही फोन वाजतच होता. एरवी सामान आणायला अकोल्याकडे जायचो, आज उलट्या दिशेला चाललोय, हेच मनाला पटेना.

वाडीत पोचलो तर मुलगी आईच्या मागे लपली. मी हात पुढे केला नाही. बायकोनं सांगितलं होतं, घाई करू नका. दुपारी जेवून पडलो तो डोळा लागला. भर दुपारी मी किती वर्षांत झोपलो नव्हतो. जाग आली तर मुलगी उशाशी उभी. "आय, ह्यो झोपतोय की दुपारचा," ती आत ओरडली.

माझ्या आईनं आतून दटावलं, "ह्यो न्हवं, बा हाय तुझा."

तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. न राहवून काकूंना फोन केला. "काकू, कुणी आलं होतं का?"

"आलं होतं ना."

"मग?"

"मंग काय, कडेवर घेऊ काय त्याईले? सांगतलं, आठ दिवसांनी या. तोवर पडदा ओला करून लावा दाराले."

"चिडले असतील."

"एक चिडला. त्याले म्हटलं, तुही पोरगी तुले मामा म्हणते काय? मंग बसला, पाणी पेला अन् कूलर इथीच ठेवून गेला." पलीकडून गिरणीचा आवाज सुरू झाला. "आता ठेव फोन. अन् आणखी करू नको."

मी केला नाही. फोन फळीवर ठेवून दिला.

मेहुणा त्या आठवड्यात आला होता. पाचव्या दिवशी सकाळी तो आणि मुलगी अंगणात आंबे निवडत होते. रायवळ, छोटे, चोखून खायचे. त्यानं तिच्या टोपलीतला पिकलेला आंबा उचलून तोंडात घातला. ती रडकुंडीला आली. मी ओसरीवर बसलो होतो. ती पळत आली, माझा शर्ट धरून ओढायला लागली.

"बाबा, मामाला सांगा की. माझा आंबा खाल्लाय त्यानं."

मेहुणा म्हणाला, "आता बापाला सांगायला लागलीस व्हय गं?"

मी उठलो आणि त्याला रागावलो. नीट रागावलो, शब्द वाया घालवले नाहीत. बायको चुलीपासून बघत होती. त्या दिवशी तिनं मला भाकरी वाढताना विचारलं नाही, थेट दुसरी घातली.

आठ दिवसांनी परतलो. दुकान होतं तिथंच होतं. लोकांनी ठेवलेले तीन कूलर काकूंनी गिरणीत घेऊन ठेवले होते, आणि त्यांच्या जाळ्यांत, गवतात, पंख्यात इतकं पीठ बसलं होतं की दोन दिवस मी नुसते धूत होतो. त्यातल्या एका कूलरला पुढे महिनाभर बेसनाचा वास येत होता म्हणे. मालक तक्रार करायला आला आणि काकूंशी गप्पा मारून गेला. आता भाव सांगताना तांब्या लागत नाही, फक्त हाताशी असला की बरं वाटतं. मंगळवारी दुपारनंतर शटर खाली असतं. मुलगी फोनवर येते, स्वतःहून येते, आणि मामाच्या तक्रारी सांगते. यंदाही मे महिन्यात जायचं आहे. आधीच सांगून ठेवलंय.

काकूंना पैसे घ्या म्हणालो तर हातोडी उगारतात. त्यांच्या मोटरचं काम फुकट करतो म्हणालो तर मी गिऱ्हाइकांना सांगतो तोच भाव मोजून देतात. पण एक गोष्ट मी एवढ्या वर्षांत पाहिली नव्हती, ती सुट्टी घेऊन आल्यावर दिसली. गिरणी बंद असते त्या दिवशीही काकू दगडावर वाकलेल्या असतात. वैशाखातल्या पौर्णिमेला तेवढ्या पांढरी साडी नेसून विहारात जातात, खीर वाटतात, आणि सांजेला परत येऊन उद्याचं दळण लावून ठेवतात. त्यांची धाकटी बहीण जानेफळला असते. तिच्याकडे राहायला कधी गेलात विचारलं, तर म्हणाल्या, "जाईन ना. गिरणी कोण पाहीन?"

तेव्हापासून मी दुपारी त्यांच्याकडे जातो आणि काही न बोलता काम शिकतो. ज्वारीला किती दाब, बेसनाला किती, पट्टा कधी सैल करायचा. दगडाला टाकी मारणं मला अजून येत नाही, येईल. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही, म्हणतात, "काऊन मांगं मांगं फिरतं?" एक दिवस मी त्यांना जानेफळच्या बसमध्ये बसवून देईन, आणि त्या आठ दिवस बहिणीच्या ओसरीवर बसल्या असताना इथली गिरणी मी चालवीन. हे मी करणार आहे.